पुण्याच्या धुळीत टर्बो पोलो: कॉटन आणि कागदी, दोन्ही एअर फिल्टर वापरल्यानंतर

गाडी पोलो १.० टीएसआय, चाकणचीच. कंपनीच्या आकड्यांत ११० पीएस आणि १७५ एनएम, वर स्टेज वन रिमॅप, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला बदल. रोजचा रस्ता नगर रोडचा, सुट्टीच्या दिवशी ताम्हिणी नाहीतर खंबाटकी घाट. उन्हाळ्यात तेल लावलेला, धुवून पुन्हा वापरता येणारा कॉटन फिल्टर चालवला. पावसाळ्यापासून साधा ओरिजिनल कागदी आहे. दोन्ही कंपनीच्याच बॉक्समध्ये बसवले, बाकी गाडीत काहीही बदललं नाही.

आधी ताकदीचं बोलतो, कारण विचारणारा पहिलं तेच विचारतो. फरक जाणवला नाही. टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. अशा गाडीत ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, ठराविक बूस्ट (हवेचा दाब) गाठायचा असतो. फिल्टरने थोडा अडथळा केला तर टर्बो जरा जास्त फिरून ती कसर भरून काढतो. शिवाय नवा कागदी फिल्टर मुळात फारसा अडवतच नाही. मायलेजही तेवढंच राहिलं. सावकाश चालवताना हवा थ्रॉटलच (अॅक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) अडवून धरतो, तिथे फिल्टर बदलून काय मिळणार? आवाज मात्र बदलला. थ्रॉटल दाबला की टर्बोची शीळ स्पष्ट ऐकू यायची आणि मला ती मनापासून आवडली.

पण माझा निर्णय धुळीवर झाला. एक लिटर पेट्रोल जाळायला इंजिन साधारण नऊ-दहा हजार लिटर हवा ओढतं. एक टाकी म्हणजे किती, हिशोब करून बघा. ही हवा आपल्याकडे कुठली, तर खोदलेल्या रस्त्यांची, बांधकामांची, मुरुमाच्या डंपरमागची. या धुळीतली सिलिका डोळ्यांना दिसतही नाही, पण पाच ते वीस मायक्रॉनचे कण पिस्टन रिंग आणि सिलिंडर घासत राहतात. टर्बोची पाती तर त्याच्याही आधी येतात.

कॉटन फिल्टर काढला तेव्हा त्याच्या पुढचा, टर्बोकडे जाणारा पाइप आतून पांढऱ्या कपड्याने पुसून पाहिला. कपड्यावर बारीक तपकिरी भुकटी आली, बोटांत चोळली की करकरणारी. कागदी बसवण्याआधी पाइप स्वच्छ पुसून घेतला होता. पावसाळा संपल्यावर तोच पाइप पुन्हा पुसला तर कपडा जवळपास कोरा. पावसाळ्यात धूळ कमी असते, हे धरूनच म्हणतोय. ऑक्टोबरनंतरच्या कोरड्या दिवसांतही कपडा तसाच निघाला, तेव्हा खात्री पटली.

कॉटन वाईट असतो असं नाही, त्याला निगुती लागते. धुताना पाणी स्वच्छ बाजूने बाहेर सोडायचं, सावलीत आपोआप वाळू द्यायचा, मग तेल मोजकंच लावून ते सगळीकडे मुरेपर्यंत थांबायचं. तेल कमी पडलं तर धूळ आत जाते, जास्त झालं तर पुढे उडतं. माझ्या गाडीत एमएपी सेन्सर (हवेचा दाब मोजणारा) आहे म्हणून काळजी कमी, पण एमएएफ (आत जाणारी हवा मोजणारा सेन्सर) असलेल्या गाडीत त्या तेलाने रीडिंग बिघडू शकतं. एवढं वेळच्या वेळी करणार असाल आणि गाडी मुख्यतः ट्रॅकला, हायवेला जात असेल, तर जरूर घ्या.

बॉनेटखाली बॉक्सशिवाय बसवलेला उघडा, शंकूच्या आकाराचा कोन फिल्टर मात्र पुण्याच्या उन्हात नकोच. तो इंजिनची तापलेली हवा ओढतो. हवा तीनेक अंशांनी तापली की तिची घनता जवळपास एक टक्का उतरते. ट्रॅफिकमध्ये बॉनेटखाली काय तापतं ते सांगायला नको.

कागदी घेताना फिल्टरच्या रबरी कडा नीट बघा. कड बॉक्समध्ये सपाट बसली नाही तर कागद कितीही चांगला असो, धूळ बाजूने जाते. नाना पेठेत दिसायला सारखे फिल्टर निम्म्या भावात मिळतात. दोन्ही शेजारी ठेवून घड्या मोजा आणि कड दाबून बघा, फरक हाताला कळतो. गॅरेजवाला "हवा मारून देतो, अजून चालेल" म्हणाला तर स्पष्ट नाही म्हणा. कंप्रेसरच्या झोताने कागदाला बारीक भोकं पडू शकतात आणि ती दिसत नाहीत. मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंतराच्या निम्म्यावरच मी नवा टाकतो आणि बॉक्सचे स्क्रू स्वतः आवळतो.