फास्टर फेणे, नारळीकर की फेलुदा : तेरा-चौदाच्या मुलाला आधी काय द्यावं?

मुलगा वाचत नाही अशी तक्रार कुणी केली की मी आधी विचारतो, शेवटचं पुस्तक त्याने कुठे सोडलं आणि का सोडलं? या वयातली मुलं पुस्तक वाईट आहे म्हणून क्वचितच सोडतात. एखादी गोष्ट खटकते, पुस्तक उशाशी पडून राहतं, आणि पुढचं कुणी हातात दिलं तर ते उघडतही नाहीत. म्हणून पहिली निवड जपून करावी. माझ्या भाच्याला आणि पुढे त्याच्या मित्रांना पुस्तकं पुरवताना माझ्यापुढे मुख्यतः तीन पर्याय होते : भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा आणि सत्यजित राय यांचा बंगाली गुप्तहेर फेलुदा.

फास्टर फेणेची ओळख करून द्यायला नको. फुरसुंगीचा बनेश, त्याची सायकल आणि ते 'ट्टॉक'. भागवतांची भाषा आजही पळते. ज्यूल व्हर्न मराठीत आणणाऱ्या या लेखकाला पान उलटायला कसं लावायचं हे पक्कं ठाऊक होतं. नऊ-दहा वर्षांच्या मुलासाठी मी आजही डोळे मिटून फेणेच देईन.

पण तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलं वेगळ्या नजरेने वाचू लागतात, आणि माझी निवड तिथेच ठरली. भाच्याने फेणे हातात घेतला, आवडीने वाचला आणि मग विचारलं, "पण हा नेमका तिथेच कसा असतो?" चोर ज्या वाटेने जाणार त्याच वाटेवर बनेश, कट शिजतो त्याच भिंतीपलीकडे बनेश. दहाव्या वर्षी हा योगायोग म्हणजे मजा असते, कारण वाचणाऱ्यालाही तसंच तिथे असायचं असतं. चौदाव्या वर्षी त्याला वाटतं की लेखकाने आपल्याला न विचारता गाठ सोडवून टाकली. या वयाला आपल्याला कमी लेखलेलं फार लागतं. घरातल्या मोठ्यांचं लागतं, तसंच पुस्तकाचंही. एकदा हा प्रश्न डोक्यात आला की पुढच्या प्रत्येक प्रकरणात तोच टोचत राहतो. इतर मुलांचं असंच होईल असं मी म्हणणार नाही, पण भाच्याच्या मित्रांकडूनही मी हे थोड्याफार फरकाने ऐकलं आहे.

नारळीकरांकडे योगायोगाची अडचण नाही. तिथे प्रत्येक गोष्टीला कारण असतं. 'उजव्या सोंडेचा गणपती' ही त्यांची कथा मी वेगळी काढून वाचायला देतो. उजव्या हाताने गोलंदाजी करणारा खेळाडू अचानक डाव्या हाताने चेंडू टाकू लागतो, आणि मोबियसच्या पट्टीशी, म्हणजे एक पीळ देऊन टोकं जोडलेल्या पट्टीशी, त्याचा संबंध लागतो. क्रिकेटवेडा मुलगा यात हमखास अडकतो. 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये तर पानिपतची लढाई मराठे जिंकले आहेत. इतिहास आवडणाऱ्याला याहून जास्त काय सांगायला हवं? मात्र मधेच कथा थांबते आणि विज्ञान समजावलं जातं. ज्याला मुळातच 'का' विचारायची सवय आहे त्याला तीच पानं आवडतात. शाळेच्या पुस्तकांना कंटाळलेला मुलगा ती ओलांडून जातो, कधी कधी तिथेच थांबतोही. म्हणून नारळीकर मी दुसऱ्या पायरीवर ठेवतो. त्या पायरीवर त्यांना तोड नाही.

आता फेलुदा. पहिली कथा 1965 साली 'संदेश' या मुलांच्या मासिकात आली. हे मासिक राय यांच्या आजोबांनी काढलेलं. मराठीत अशोक जैन यांचे अनुवाद आहेत, आणि ते वाचताना कुठे अडखळायला होत नाही. मोठं काम करतो तो तोपशे. फेलुदाचा हा चुलत भाऊ वाचणाऱ्याच्याच वयाचा, आणि गोष्ट तोच सांगतो. फेलुदा जे पाहतो ते तोपशेही पाहतो, म्हणजे आपणही. धागे समोर ठेवलेले असतात, फक्त जुळवता येत नाहीत. शेवटी उलगडा झाला की मुलगा मागची पानं चाळून 'अरे, हे तर इथेच होतं' म्हणतो. योगायोगाने टोचलेल्या वाचकाला नेमकं हेच हवं असतं.

त्यात जटायू आहे. भन्नाट खपाच्या साहसकथा लिहिणारा हा लेखक भूगोल आणि प्राणिशास्त्राच्या चुका बेधडक करतो. उंट पोटात पाणी साठवतो असं त्याने लिहिलं, तर फेलुदा त्याला वशिंडातल्या चरबीबद्दल सांगतो. मुलाला माहिती मिळते, पण चूक त्याची नसून एका मोठ्या माणसाची असते, म्हणून ती उपदेशासारखी वाटत नाही. या वयासाठी असं लिहिणं फार अवघड आहे, आणि राय ते सहज करतात.

उणिवाही सांगायला हव्यात. फेलुदा चारमिनार सिगारेट ओढतो, ते काही पालकांना रुचणार नाही. मुली-बायका या कथांत जवळजवळ नाहीतच. घरात बहीणभाऊ एकच पुस्तक वाचणार असतील तर हे जाणवतं. सलग बऱ्याच कथा वाचल्या तर ठेवणही ओळखीची होत जाते.

तरीही, मुलगा सध्या काहीच वाचत नसेल, तर मी 'कैलासातील कारस्थान'पासून सुरुवात करेन. त्यातलं रहस्य वेरूळच्या लेण्यांत घडतं, जटायूही भेटतो, आणि आधीचं काही वाचलेलं नसलं तरी अडत नाही. ते आवडलं तर 'मुंबईचे डाकू' आणि 'गंगटोकमधील गडबड', कुठलंही आधी चालेल. दोन-तीन संपल्यावर त्याने 'असं खरंच होऊ शकतं का?' विचारायला सुरुवात केली, की नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा संग्रह द्या. घरात धाकटा भाऊ असेल तर फेणेची पुस्तकं त्याच्याकडे जाऊ देत. थोरलाही मधूनमधून ती पळवतो, त्याला अडवू नका.