सेगमेंट एनीथिंग वापरून बघितलं, ज्वारीचे चिकटलेले दाणे सुटे करायला

आमच्याकडे मालदांडीचं बियाणं घरचंच ठेवतात. हजार दाण्यांचं वजन काढायचं म्हणजे आई ताटात दाणे घेऊन मोजत बसते, मधेच कुणी हाक मारली की आकडा गेला, परत पहिल्यापासून. म्हणून म्हटलं फोटोवरून मोजूया. फोटोत दाणे मोजणं सोपं असतं हो, पण एकमेकांना चिकटलेले दाणे वेगळे करणं हेच खरं काम.

आधी ओपनसीव्हीमधलं (फोटोवर काम करायची फुकट प्रोग्रामिंग लायब्ररी) वॉटरशेड लावलं. त्याची आयडिया मला फार आवडते: प्रत्येक पिक्सेल कडेपासून किती लांब आहे ते काढायचं, दाण्याच्या मध्यावर आकडा सगळ्यात मोठा येतो, मग ते मध्य म्हणजे खड्डे समजून पाणी भरत जायचं आणि दोन खड्ड्यांचं पाणी जिथे भेटेल तिथे बांध घालायचा. ज्वारी गोल, त्यामुळे छान जमतं. गहू लांबट, तिथे एकाच दाण्याचे दोन तुकडे होतात आणि मग थ्रेशोल्ड, म्हणजे किती मोठ्या आकड्याला मध्य धरायचं ती मर्यादा, वरखाली करत बसावं लागतं.

मग मेटाचं (फेसबुकवाल्या कंपनीचं) सेगमेंट एनीथिंग घेतलं, फोटोतली कुठलीही वस्तू कडेवरून वेगळी काढणारं एआय मॉडेल. एप्रिल 2023 मध्ये आलेलं, कोड आणि मॉडेल दोन्ही फुकट, 1.1 कोटी फोटो आणि 110 कोटी मास्कवर (मास्क म्हणजे फोटोत एकेका वस्तूचा आखून काढलेला भाग) शिकवलेलं. दाण्यावर एक क्लिक केलं की तेवढाच दाणा कडेसकट उचलला जातो, आणि आपण त्याला ज्वारी किंवा गहू म्हणजे काय हे काहीच शिकवलेलं नसतं! मला तर हे बघूनच इतका आनंद झाला. गव्हाचे दाणे पण अख्खे आले.

क्लिक न करता सगळे दाणे एकदम काढायचे तर आपोआप मोड आहे, त्याला मात्र सेटिंग बघा. ते फोटोवर 32 बाय 32 ठिपक्यांची जाळी टाकतं, म्हणजे 1024 ठिपके, त्यामुळे दाणे खूप असले की काही दाण्यांवर ठिपका पडतच नाही आणि ते सुटतात. जाळी दाट करा नाहीतर फोटोचे तुकडे करून द्या. शिवाय एक दाणा, दाण्यावरची चमक आणि चार दाण्यांचा पुंजका असे तिन्ही वेगळे मास्क येऊ शकतात, ते क्षेत्रफळावरून गाळले नाहीत तर आकडा फुगतो. आणि हे कशाचं काय आहे ते सांगत नाही, खडा आला तरी तो एक मास्कच, तो आपणच बघायचा.

सगळ्यात मोठं मॉडेल अडीच जीबीच्या आसपास आहे, साध्या लॅपटॉपवर जीव खातं. मी कोलॅबवर (गुगलच्या ऑनलाइन कॉम्प्युटरवर) चालवलं, छोटं मॉडेल घेतलं तरी चालतं.

पांढऱ्या कागदावर फोटो काढू नका, सावलीसकट मास्क येतो. काळं कापड घ्या आणि मोबाईल सरळ वरून धरा. नुसती ज्वारी मोजायची असेल तर वॉटरशेडच पुरे, झटकन होतं. गहू, मिसळलेलं धान्य असेल तर सेगमेंट एनीथिंग घ्याच. तांदळावर कुणी केलंय का, कडा नीट येतात का तेवढं सांगा.