माळव्याच्या मातीत चौघांचा तंबू: पावसाळा ते होळी वापरल्यानंतर

पावसाळ्यात घेतलेला चार माणसांचा घुमटी तंबू होळीपर्यंत भरपूर वापरून झाला, म्हणून आता सविस्तर लिहिते. इंदूरहून गाडी काढायची, मांडू, महेश्वर, पार बडोद्यापर्यंत जायचं आणि वाटेत ओळखीच्यांकडे थांबायचं, ही आमची जुनी हौस. पण दोन खोल्यांच्या घरी आम्ही चौघं जाऊन पडलो की यजमानांची पंचाईत होते. त्यांच्या अंगणात, शेतावर नाहीतर गच्चीवर तंबू टाकला की त्यांना अवघडल्यासारखं होत नाही आणि पोरांची चंगळ होते. तंबू त्याचसाठी घेतला आणि त्या कामाला तो पुरेपूर उतरला.

फक्त ‘चार माणसांचा’ हे शब्द जपून वाचा. दोन मोठे आणि दोन शाळकरी मुलं नीट झोपतात, पिशव्या मात्र गाडीतच ठेवाव्या लागतात. चौघंही मोठे असाल तर सहाचा घ्या.

पहिली खरी परीक्षा नालछ्याजवळ मैत्रिणीच्या शेतावर झाली. दिवसा मांडूत धुकं इतकं की जहाज महालाच्या गच्चीवरून खालचे मुंज आणि कापूर तलाव मधूनमधूनच दिसत होते. रात्री पाऊस कोसळला. आमच्या वरच्या कापडावर ३००० मिमीचा शिक्का आहे. म्हणजे ३ मीटर उंच पाण्याच्या दाबापर्यंत कापड पाणी आत येऊ देत नाही, आणि तो शिक्का खरा ठरला. गळलं ते एका कोपऱ्याच्या शिवणीतून, कारण तिथली पट्टी नीट चिकटलेली नव्हती. शिवणीला लावायचं सीलर आणून दोन हात दिले, त्यानंतर थेंब नाही. सकाळी आतल्या बाजूला जी ओल दिसते ती गळती नव्हे, आपल्याच श्वासाची वाफ असते. समोरासमोरच्या दोन्ही जाळ्या थोड्या उघड्या ठेवल्या की निम्मी कमी होते.

आपल्याकडे तंबूची गाठ पावसापेक्षा जमिनीशी जास्त पडते, आणि हे विकणारा कोणी सांगत नाही. माळव्याची काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसून भेगाळते. सोबत आलेल्या वीतभर तारेच्या खुंट्या ओल्या मातीत बोटाने उपटता येत होत्या. त्याच शेतात माघात आम्ही पुन्हा गेलो तर खुंटी नेमकी भेगेत जाऊन सैल व्हायची. मांडूच्या पठारावर वेगळीच तऱ्हा: चार बोटं माती, खाली काळा खडक. शेवटी मैत्रिणीच्या सासऱ्यांनी गावच्या लोहाराकडून ८ मिमी सळीच्या फूटभर लांब, डोकं वाकवलेल्या खुंट्या करवून दिल्या. त्या तिरक्या ठोकल्या की मातीत हलत नाहीत. खडक असेल तिथे दोरी मोठ्या दगडाला गुंडाळायची. म्हणून माझं ठाम मत: इथे तंबू घ्यायचा तर काठ्यांच्या जोरावर स्वतः उभा राहणाराच घ्यावा, नुसता खुंट्यांवर ताणला जाणारा नको.

त्याच शेतावर दाल-पानिये झाले. मक्याच्या पिठाची थापी पळसाच्या पानांत गुंडाळून गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात. पान करपतं, त्याच्या शिरा भाकरीवर उमटतात, वर तुपाची धार आणि सोबत लसणाची चटणी. शहरातल्या दाल-बाफल्यापेक्षा मला हे जास्त आवडतं. पण निखाऱ्याच्या ठिणग्या उडतात आणि हे कापड ठिणगी लागताच वितळतं. चूल नेहमी वाऱ्याच्या खालच्या बाजूला आणि तंबूपासून चांगली लांब मांडा. तंबूच्या आत शेगडी तर कधीच नको.

महेश्वरला नर्मदेच्या वाळूत तंबू टाकायचा मोह सगळ्यांनाच होतो. टाकू नका. वर ओंकारेश्वरचं धरण आहे, पाणी सोडलं की पात्र बघता बघता भरतं. २००५ मध्ये नर्मदाकाठच्या धाराजीला इंदिरा सागर धरणातून सोडलेल्या पाण्यात स्नानाला आलेले भाविक वाहून गेले, ते इकडे कोणी विसरलेलं नाही. आम्ही गावात ओळखीच्यांच्या परसात राहिलो आणि पहाटे चालत घाटावर गेलो.

बडोद्याला संक्रांतीला गेलो. धार, झाबुआ, दाहोद, गोध्रा हा रस्ता, हालोलपाशी पावागढ दिसू लागला की मुलं जागी होतात. दांडिया बाजारात मित्राची गच्ची, तिथे खुंटी ठोकायचा प्रश्नच नाही. चारही कोपरे पाण्याने भरलेल्या २० लिटरच्या कॅनना बांधले, रात्रीच्या वाऱ्यात तंबू जागचा हलला नाही. उत्तरायणाच्या दिवशी मुलांना दुपारची सावलीही झाली. संध्याकाळी एक कटलेला पतंग वरून गेला आणि त्याच्या काचेच्या मांजाने वरच्या कापडावर बोटभर लांब, सुरीने ओढल्यासारखी चीर पाडली. आतून-बाहेरून दुरुस्तीची पट्टी लावली, अजून टिकून आहे. वहिनींनी गरम सेवउसळ पुढे ठेवली, वर पातीचा कांदा आणि जाड शेव. आपल्या उसळीशी तिचं नातं पहिल्या घासालाच कळतं.

तक्रारी दोन. फायबरच्या एका काठीला जोडापाशी उभी तडा गेली. जोडावर बसवायची लोखंडी नळी पिशवीत होती म्हणून निभावलं, पण पुन्हा घ्यायचा झाला तर मी ॲल्युमिनियमच्या काठ्यांचाच घेईन. दुसरी दाराच्या चेनची, धूळ बसली की अडते. दात जुन्या टूथब्रशने साफ करून वर मेणबत्ती घासली की सुरळीत चालते.

एप्रिल-मेमध्ये आत दुपारी बसवत नाही, तेव्हा आता तो जूनपर्यंत कपाटात. ओलसर ठेवला तर कापडावरचा थर चिकट होऊन सुटतो, म्हणून दोन दिवस गच्चीवर सावलीत वाळवला आणि घट्ट गुंडाळी न करता जुन्या सुती अभ्र्यात सैल भरून ठेवला आहे. खुंट्यांना तेलाचा हात लावून त्या वेगळ्या ठेवल्या, नाहीतर गंजाचे डाग कापडाला लागतात.