हेडिंगमध्ये हवा फुंकायची की ओढायची?

खाणीचा मुख्य पंखा कितीही मोठा असला तरी हेडिंगमध्ये, म्हणजे पुढून बंद असलेल्या बोगद्यात, त्याची हवा आपणहून शिरत नाही. तिथे सहायक फॅन आणि डक्ट (हवा नेणारी नळी) लागतेच. प्रश्न फॅनच्या दिशेचा.

फुंकणीने चूल पेटते. त्याच फुंकणीने हवा ओढून बघा, राखही हलायची नाही. डक्टमधल्या हवेचं असंच. फुंकलेल्या झोताचा वेग डक्टच्या व्यासाच्या साधारण ३० पट अंतरावर दशांशावर येतो, ओढणाऱ्या डक्टचा एकाच व्यासावर. कोळसा खाणीत डक्टचं टोक फेसपासून (खोदकाम चालू असलेल्या पुढच्या भिंतीपासून) ४.५ मीटरच्या आत ठेवायचं असतं. एवढ्या अंतरावरून ओढणाऱ्या डक्टला छताशी साचलेला मिथेन हलवता येत नाही आणि १.२५ टक्क्यांवर गॅस गेला की वीज बंद करावी लागते. शिवाय तोच गॅस फॅनमधून जातो, म्हणजे फॅनच्या फ्लेमप्रूफपणावर (आतली आग बाहेरच्या गॅसला न लागू देण्यावर) सगळी भिस्त. फुंकणारा फॅन ताज्या हवेत बसतो. त्याला साधी कापडी डक्ट चालते. ओढणाऱ्याला तारेच्या कड्यांची किंवा पत्र्याची लागते, नाहीतर ती चिपकते. चंद्रपूर-वणीकडच्या कोळशासाठी मी तरी फुंकणाराच घेईन.

गुमगाव किंवा चिखल्याच्या मॅंगनीज खाणीत मात्र हिशेब उलटतो. तिथे काळजी मिथेनची नाही, ब्लास्टिंगचा धूर आणि दगडाची धूळ यांची. फुंकणाऱ्या फॅनने हा धूर पूर्ण गॅलरीतून (बोगद्यातून) सावकाश परत येतो, नेमका माणसांच्या अंगावरून. ओढणारा त्याला डक्टमध्येच कोंडून रिटर्नला, म्हणजे वापरलेली हवा खाणीबाहेर जाते त्या वाटेवर, सोडतो. ड्राइव्ह (आडवा बोगदा) लांब असेल तर मी ओढणारा लावीन आणि फेसजवळ एक छोटा फुंकणारा फॅन जोडीला देईन. छोट्याची हवा मोठ्यापेक्षा कमीच हवी, नाहीतर तोच धूर तिथल्या तिथे फिरत राहतो.

खर्चात बहुतेक जण फॅनची किंमत बघतात, गळती विसरतात. फुंकणारी डक्ट फाटली की फुसफुस ऐकू येते, ओव्हरमन (खाणीतला पर्यवेक्षक) पट्टी लावतो. ओढणारी मुकाट्याने मधूनच हवा खाते. फॅन जोरात चालू दिसतो आणि फेसवर मात्र काहीच नसतं. त्यामुळे ओढणारा घेतलात तर हवा फॅनपाशी नाही, डक्टच्या फेसकडच्या टोकाला मोजा.