जिम जिम धबधब्याची एकदिवसीय सहल: अनुभव आणि अभिप्राय

ऑस्ट्रेलियाच्या काकाडू राष्ट्रीय उद्यानातील जिम जिम धबधबा पाहण्यासाठी आम्ही जूनमध्ये एका स्थानिक कंपनीची सहल घेतली. काकाडू महामार्ग सोडल्यावर सुमारे 60 किलोमीटरचा कच्चा रस्ता लागतो. त्याचे शेवटचे 10 किलोमीटर वाळू आणि खड्ड्यांचे असून तेथे फोर-व्हील ड्राइव्ह वाहनाशिवाय जाता येत नाही. आमच्या चालकाने तो टप्पा अत्यंत संयमाने पार केला.

वाहनतळापासून दरीच्या तोंडापर्यंतचे अंतर जेमतेम एक किलोमीटर असले, तरी मोठमोठ्या शिळांवरून हातापायांचा आधार घेत जावे लागत असल्याने ते बरेच लांब वाटते. सहलीच्या माहितीपत्रकात पायवाट ‘सोपी’ असल्याचे लिहिले होते, ते मला गैर वाटले; माझ्या सासूबाईंना गुडघेदुखीमुळे अर्ध्यावरच थांबावे लागले.

मात्र दरीत पोहोचल्यावर तिन्ही बाजूंनी उभे राहिलेले तांबूस वालुकाश्माचे कडे, पायाशी पांढरी वाळू आणि सावलीतले काळेभोर, थंडगार पाणी पाहून मी कितीतरी वेळ निःशब्द उभा होतो. गोड्या पाण्यातही शिरणाऱ्या ‘खाऱ्या पाण्यातील मगर’ या जातीच्या मगरींचा धोका असल्याने वनरक्षकांनी पाहणी करून परवानगी दिल्याशिवाय येथे पोहता येत नाही, आणि हा नियम मार्गदर्शकाने काटेकोरपणे पाळला. ही भूमी बिनिंज आणि मुंगगुय या आदिवासी समाजांची आहे, हे त्याने आदराने सांगितले.

तेथील पावसाळ्यात (साधारण नोव्हेंबर ते एप्रिल) रस्ता बंद असतो आणि ऑगस्टनंतर धार बहुधा आटते, त्यामुळे जूनमध्येच जावे.