वॉचमन गोबी आणि पिस्टल कोळंबी: इंदूरच्या घरात आठ महिने

दसऱ्याला टाकी भरली आणि मासा आणला तो थेट देवदिवाळीला. मधले सात आठवडे पाण्यातला अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर यायची वाट पाहिली. आता आषाढ संपत आलाय, म्हणजे पिवळ्या वॉचमन गोबीला आणि त्याच्या पिस्टल कोळंबीला रामबागेतल्या आमच्या घरी आठ महिने झाले.

टाकी २४ बाय १५ बाय १५ इंचांची, साधारण ८८ लिटरची. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब, तेव्हा खारं पाणी घरीच बनवते. जलूदहून येणारं नर्मदेचं पाणी आरओतून काढायचं, मीठ मिसळायचं, घनता १.०२५ वर आणायची. सवय झाली की त्यात काही जड नाही.

या जोडीचं मात्र किती सांगू! कोळंबीला फार कमी दिसतं. ती बीळ खणते, मासा दाराशी राखण करतो. बाहेर आली की तिची एक मिशी माशाच्या अंगाला टेकलेली असतेच. मी बोट काचेजवळ नेलं की मासा शेपटी थरथरवतो आणि कोळंबी नांग्यांवरची वाळू तिथंच टाकून उलट्या पावली आत जाते. रात्री मासा आत शिरला की ती पुष्कळदा दार वाळूनं बुजवून घेते. सकाळी दिवा लावल्यावर आधी वाळू हलते, मग पिवळं तोंड वर येतं. आईचं माहेर मालवणचं. तिनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाली, "अगं, हा तर आपल्या निवटीचा भाऊबंद! डोळे बघ कसे डोक्यावर बसलेत."

ज्यांना हे पाळायचंय त्यांनी पैसा आणि लक्ष आधी वाळूवर घालावं. दुकानदारानं मला नुसती बारीक वाळू दिली आणि दगड त्या वाळूवरच रचायला सांगितले. दोन्ही चुकीचं. बारीक वाळूचं बीळ टिकत नाही, सारखं ढासळतं. आणि कोळंबी दगडाखालूनच खणते. तिसऱ्या आठवड्यात रात्री धप्प आवाज आला. मोठा दगड बसला होता आणि बिळाचं तोंड नाहीसं झालं होतं. सहा दिवस दोघांचा पत्ता नाही. उकरायला हात शिवशिवत होते, पण आणखी वाळू कोसळेल या भीतीनं पाण्यात हात घातला नाही. सातव्या दिवशी मागच्या कोपऱ्यात नवं तोंड उघडलं. मला रडू आलं. त्यानंतर दगड थेट तळकाचेवर टेकवले आणि वाळूत पोवळ्याचे बोटभर तुकडे मिसळून सहा-सात सेंटीमीटरचा थर केला. कोळंबी ते तुकडे एकेक उचलून छताला लावते. बीळ पुन्हा ढासळलेलं नाही.

फेब्रुवारीत बिळाच्या तोंडाशी रिकामं कवच दिसलं आणि कोळंबी गेली असंच वाटलं. ती कात टाकत होती. दोन दिवसांनी पुन्हा कामाला लागली.

उन्हाळ्याची धास्ती होती. मेमध्ये बाहेर चाळीसच्या वर, आणि टाकी २६ अंशांच्या आसपास हवी. पाण्यावर छोटा पंखा लावला. कोरड्या हवेत तो दोन-तीन अंश सहज उतरवतो, पण खोलीत कूलर चालू केला की हवा ओलसर होते आणि पंख्याचा उपयोग कमी होतो. म्हणून कूलर दुसऱ्या खोलीत नेला. रोज दोन लिटर पाणी उडायचं. वाफ होते ती पाण्याची, मीठ टाकीतच राहतं, त्यामुळे भर घालताना साधं आरओचंच पाणी घालायचं. झाकण काचेचं नको, जाळीचं घ्या. घाबरला की हा मासा उडी मारतो, त्यामुळे एवढीशी फटही ठेवू नका. लाइट जाते म्हणून बॅटरीवरचा हवेचा पंपही हाताशी हवा.

गोठवलेलं मायसिस, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, लांब ड्रॉपरनं बिळाच्या तोंडाशी सोडते. मासा झेप घेतो, खाली पडलेलं कोळंबी ओढून नेते. दांडगे मासे सोबत ठेवू नका, आणि जमलेली जोडी नसेल तर दुसरा वॉचमनही नको. टाकीभर फिरणारे रंगीत मासे हवे असतील तर हा मासा तुमच्यासाठी नाही, तो दिवसभर एका दाराशी बसतो.

गेल्या आठवड्यात त्यांनी बिळाचं दुसरं तोंड समोरच्या काचेला लागून काढलंय. दिवे मालवले की लाल टॉर्चच्या उजेडात आतलं दिसतं: मासा कुशीवर टेकलेला, आणि कोळंबी अजून एक तुकडा बसवतेय.