चेसिस बघून घेतलेली जुनी पिकअप, आठ महिने वापरल्यानंतर

गेल्या पोळ्याला गाडी अंगणातून रस्त्यावर आली. त्याला आता आठ महिने झाले, ९,४०० किलोमीटर पडले. आमचं खेडं अंबडच्या अलीकडे, पाच एकर मोसंबी, आणि ट्रॅक्टर सोडला तर घरात याआधी चारचाकी कधी नव्हती. मी कुठल्या गॅरेजात शिकलेलो नाही. जुनी पिकअप घेऊन ती स्वतः उभी करावी असं ज्याच्या मनात आहे, पण पाना हातात धरायची सवय नाही, त्याच्यासाठी हे लिहितोय.

गाडी २००६ ची महिंद्रा पिकअप, डीआय इंजिन, २,५२३ सीसी. सव्वा लाखाला घेतली आणि वर १,७८,००० घातले. याच पैशात नंतरच्या मॉडेलची चालू गाडी मिळते, हे खरं आहे. ज्याला फक्त माल न्यायचाय त्याने तीच घ्यावी. मला गाडी खोलून, समजून घेऊन पुन्हा जोडायची होती.

घेण्याआधी चार महिने हिंडलो. परतूरकडे एका गोठ्यात टाटामोबाईल नावाची जुनी पिकअप उभी होती, १९८८ साली बाजारात आली ती जात. लहानपणी गावात एका गुत्तेदाराकडे ती होती, त्यामुळे बघताक्षणी जीव अडकला. दोनदा जाऊन बघून आलो. पण दाराच्या काचेचं रबर, मागचा लाइट, फाळक्याची कडी यासाठी जालन्यात तीन दुकानं पालथी घातली, एकाकडेही काही नाही. पहिल्याच गाडीला असं अडकून पडलं की ती वर्षानुवर्षं विटांवर उभी राहते आणि घरचेही बोलायला लागतात. मन घट्ट करून सोडली. नवख्या माणसाने हा एक नियम पाळावाच: ज्या गाडीचा क्लच प्लेट, गास्केट, ब्रेकचं किट दुपारी मोटारसायकलवर जाऊन संध्याकाळी घरी आणता येतं, तीच पहिली गाडी. आमच्या भागात गावोगाव महिंद्राच्या पिकअप धावतात, म्हणून सामानही मिळतं आणि हात बसलेले मिस्त्रीही.

दुसरी गाडी टाटा २०७. इंजिन नुकतंच बांधलेलं, सेल्फ मारला की पहिल्या झटक्यात चालू. धूर नाही, आवाज गोड. मी पैसे द्यायच्या तयारीत होतो. अंबडचे आमचे मिस्त्री चाचा सोबत होते. त्यांनी इंजिनाकडे पाहिलंही नाही, छोटी हातोडी घेऊन सरळ गाडीखाली गेले. चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, पुढून ठोकत ठोकत मागे आले. ठण, ठण, ठण. मागच्या पाट्याच्या (स्प्रिंगच्या) शॅकलजवळ, म्हणजे पाटा चेसिसला अडकतो त्या कडीजवळ, आल्यावर आवाज भद्द झाला. दुसरा ठोका मारला तर हातोडीचं टोक आत गेलं आणि त्यांच्या छातीवर तांबडा भुगा पडला. गाडी एमएच-०८, रत्नागिरी पासिंगची, मासळी वाहिलेली. बर्फाचं खारं पाणी हौद्यातून वर्षानुवर्षं चेसिसवर गळत राहिलेलं. वरून रंग मात्र झकास. परत येताना चाचा म्हणाले, "बेटा, इंजिनाला मी हाय. चेसिसला कोन हाय?"

माझ्या मते सगळी निवड या एका वाक्यात आहे. इंजिन बिघडलेलं असेल तर खर्चाचा अंदाज येतो, काम जिल्ह्यात कुठेही होतं. सडलेली चेसिस मात्र तुकडे जोडून उभी केली तरी भार पडला की नेमकी कुठे बसेल ते सांगता येत नाही, आणि त्या गाडीत आपली माणसं बसणार असतात.

आपल्याकडची हवा कोरडी, म्हणून मराठवाड्यातली गाडी सडत नाही असं समजू नका. इथे गंज लागतो तो खताने. युरिया आणि मिश्र खत हौद्यात सांडतं, ओल धरतं आणि पत्रा खातं. शेणखत वाहून हौदा न धुता उभी केलेली गाडी तशीच. दुसरं म्हणजे काळ्या मातीचा चिखल. तो मडगार्डच्या आत, केबिनच्या पायरीच्या पोटात, चेसिसच्या खाचेत बसतो आणि पावसाळा संपल्यावरही आतून ओला असतो. म्हणून बघायला जाताना खराटा आणि पेचकस न्या, मालकाची परवानगी घेऊन चिखल खरवडा, मग ठोका. पत्र्यासाठी पातळ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे खाली लांबी, म्हणजे रंगाखालची पुट्टी, भरलेली आहे. दारावर थोडी लांबी चालते. केबिनच्या खांबाला असेल तर गाडी सोडा.

इंजिन बघायचं तर गाडी थंड असताना जा. आधी कुणी चालू करून गरम ठेवली असेल तर पुन्हा दुसऱ्या दिवशी जा. चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण काढून तळहात धरला की बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे झिजलेल्या रिंगांमधून खाली निसटणारा दाब, कळतं. माझ्या गाडीचं हाताला लागत होतं, धूरही निळसर होता. तरी घेतली, कारण चेसिस पुढून मागेपर्यंत ठण वाजली. इंजिनाच्या कामाला ४८,००० गेले: हेड उघडलं, व्हॉल्व्ह बसवले, रिंगा आणि बेअरिंग बदलले. पंप-नोझलचे ११,५०० वेगळे.

कागदांबद्दल थोडक्यात, पण हे टाळू नका. मालवाहू गाडीची पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, आठ वर्षांनंतर दरवर्षी असते. पडून असलेल्या गाडीची पासिंग, टॅक्स, विमा सगळंच थकलेलं असतं आणि ते नव्या मालकाच्या गळ्यात येतं. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय इसार देऊ नका. नावावर करायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म लागतात. आणि चेसिस नंबर आपल्या डोळ्यांनी वाचा. मी नंबर कोरलेल्या पट्टीवर पॉलिश पेपर मारून, कागद धरून पेन्सिल घासली. सगळे आकडे उमटले, आरसीशी जुळले, तेव्हाच बोलणी केली. नंबर गंजाने खाल्लेला असेल तर पासिंगला गाडी अडते. रंग मी पांढराच ठेवला. रंग बदलला की आरसीवर नोंद करून घ्यावी लागते, तो फेरा वाचला.

माझी मोठी चूक कामाच्या क्रमात झाली. दिवाळीनंतर गाडी आणली आणि घरातल्यांना ती लवकर छान दिसावी म्हणून आधी केबिनचा रंग केला, २८,००० देऊन. रंगाऱ्याने खालचा गंज न काढता त्यावरच रेड ऑक्साइड, म्हणजे रंगाखालचा तांबडा प्रायमर, मारला होता, हे मला तेव्हा कळलं नाही. दोन महिन्यांनी पायरीखालचा पत्रा बदलायला वेल्डिंग लावलं तर वरचा नवा रंग फुगून उडाला. आता आठ महिन्यांनी तिथेच तांबडे डाग फुटलेत. ज्या भागाला मी स्वतः तारेच्या ब्रशने चकचकीत पत्र्यापर्यंत घासलं आणि मग प्रायमर दिला, तो भाग आजही जसाच्या तसा आहे. आधी चेसिस, मग ब्रेक आणि स्टीअरिंग, मग इंजिन, वायरिंग, आणि रंग सगळ्यात शेवटी.

चेसिसला खालून जळकं ऑइल लावायची आपल्याकडे पद्धत आहे. मीही लावलं. उपयोग होतो, पण ब्रेकचे होज आणि पाट्यांचे रबरी बुश (सांध्यातल्या रबरी नळ्या) वाचवून लावा, ऑइलने रबर फुगतं. माझा मागचा एक बुश असाच गेला, खड्ड्यात टकटक वाजायला लागल्यावर लक्षात आलं.

वापरात सगळ्यात जास्त त्रास दिला पाण्याने. एप्रिलमध्ये मृग बहाराची मोसंबी घेऊन जालन्याला निघालो, वीस किलोचे चाळीस क्रेट, दुपारचे दोन. गोलापांगरीच्या पुढे तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. बाजूला घेऊन बोनेट उघडलं आणि तासभर थांबलो, रेडिएटरच्या गरम झाकणाला हात लावला नाही, म्हणून भाजलो नाही. हेडही वाचलं. नंतर रेडिएटर उतरवला तर आतल्या नळ्या पांढऱ्या क्षाराने निम्म्या बंद. आधीच्या मालकाने आयुष्यभर बोअरचं जड पाणी भरलेलं, आणि इंजिनावर एवढा खर्च करताना मी रेडिएटर फक्त बाहेरून धुतला होता. आता रॉडिंग, म्हणजे नळ्यांत सळई घालून सफाई, करून घेतलं, डिस्टिल्ड वॉटरमध्ये कूलंट घालतो. मेच्या उन्हात भरल्या गाडीने तेच अंतर दोनदा गेलो, काटा मध्यावर राहिला.

बाकी गाडीने मान राखला. भरलेली असताना लिटरला साडेअकरा, रिकामी तेरा देते. एकदा डिझेल फिल्टर बदलल्यावर डिझेलच्या नळीत हवा धरली, शेतातच हाताने पंप मारून काढली. चाचांना फोन लावावा लागला नाही, त्याचा आनंद अजून आहे. ब्रेकचे सिलिंडर आणि होज सगळे नवे टाकले, ९,००० लागले. त्यात एक रुपयाही कमी करू नये असं मी कळकळीने सांगतो.

गेल्या आठवड्यात घनसावंगीहून मामांच्या मुलाचा फोन आला. त्याने एक पिकअप बघितलीय, इंजिन एकदम गोड आहे म्हणाला. रविवारी जातोय. हातोडी, पेचकस, खराटा, चुंबक आणि पेन्सिल पिशवीत भरून ठेवलंय, आणि त्याला सांगितलंय की मालकाला म्हणावं, आम्ही पोचेपर्यंत गाडी चालू करू नका.